मॅडमचा दुसरा भाग

४ जानेवारी

बारके,

सहा वर्षांनी तुला लिहितेय. फोन केला असता, पण तू उचलत नाहीस, आणि उचललास तर "बोल" म्हणून गप्प बसतेस. मग मलाच दोन्ही बाजूंचं बोलावं लागतं. त्यापेक्षा कागद बरा, तो मध्येच फोन ठेवत नाही.

आई गेली तेव्हा आपण शेवटचं भेटलो. त्या चार दिवसांत तू माझ्याशी तीन वाक्यं बोललीस, त्यातलं एक चादरी कुठे ठेवल्यात याबद्दल होतं. मी मोजली होती. असो.

बातमी अशी की मॅडमवरच्या सिनेमाचा दुसरा भाग येतोय. पहिला तू पाहिलास की नाही, मला माहीत नाही. त्यात नाव बदललं होतं, पण तो चष्मा, ते कापलेले पांढरे केस, न बोलता एक बोट उचलून माणसाला खोलीबाहेर काढायची ती पद्धत, सगळं आपल्या मॅडमचंच. तुझ्या कोटाची गोष्टही त्यात होती. दुसऱ्या भागातही आहे. १६ मार्चला संध्याकाळी सातला पहिला खेळ आहे आणि मॅडमची फार इच्छा आहे की तू यावंस. पहिल्या रांगेत, माझ्या शेजारी. येण्याजाण्याचं ते लोक बघतील. कपडे मी शिवते, तुझं माप मला अजून पाठ आहे. सुटली असशील तर तेवढं कळव.

तू मॅडमकडचं शिवणकाम सोडलंस त्याला एकोणीस वर्षं झाली, बारके. आता मॅडम बदलल्यात. वर्करूममध्ये कुणी आवाज चढवत नाही. तक्रारींची पेटी लावलीय. महिन्यातून एकदा एक बाई येऊन आम्हा सगळ्यांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवते. इतकी वर्षं आम्ही काय घेत होतो, ते तिलाच ठाऊक.

तर ये. जुनं उगाळत बसू नकोस.

ताई


२५ जानेवारी

बारके,

उत्तर नाही. मला अपेक्षाही नव्हती, पण टपालवाल्याच्या सायकलकडे बघत बसले होते हे खरं.

परवापासून मी शूटिंगला जाते, शेवटचा एक प्रसंग राहिलाय. सिनेमासाठी तो कोट पुन्हा हवा होता, तसाच्या तसा, गडद हिरव्या मखमलीचा. त्यांचा वेशभूषेवाला चांगला चुणचुणीत आहे, पण त्याला कापडातलं ओ की ठो कळत नाही. एक तुकडा वेगळा दिसायला हवा म्हणून तो त्यावर रंग फवारायला निघाला होता! मी त्याचा हात धरला. मग त्याला पहिलीच्या पोरासारखं बसवून शिकवलं की बाबा रे, मखमलीला लव असते. एका दिशेनं हात फिरवला तर मऊ लागते, उलटा फिरवला तर अडते. कोटाचे सगळे तुकडे लव एकाच दिशेला ठेवून कापायचे असतात. एखादा उलटा कापला गेला तर टेबलावर कुणाच्या लक्षात येत नाही. पण कोट अंगावर चढला आणि वरून दिवा पडला की तेवढाच तुकडा काळपट दिसतो, ठिगळ लावल्यासारखा. तो म्हणाला, "बाप रे, म्हणजे एवढ्याशा गोष्टीवरून ते सगळं झालं?"

हो, म्हटलं, एवढ्याशा गोष्टीवरून.

मग मी त्याला पाठीचा उजवा तुकडा मुद्दाम उलटा कापून दिला. हाताला काहीसुद्धा वाटलं नाही.

पहिला भाग तू पाहिला नसशील तर सांगते त्यांनी काय केलं होतं ते. चाळीस जणांसमोर मॅडम कोटाभोवती एक चक्कर मारते, काळपट तुकड्यावर नख टेकवते आणि शिवणाऱ्या पोरीला फक्त म्हणते, "उसव." पोरगी उसवते, डोळे पुसत पुन्हा शिवते आणि शेवटी स्वतः मोठी फॅशनवाली होते. त्या "उसव"वर थिएटरात शिट्ट्या पडायच्या, बारके. तो शब्द लोकांनी कपांवर छापला, उशांवर छापला. नव्या मुली आमच्याकडे नोकरी मागायला यायच्या आणि लाजत लाजत म्हणायच्या, "मॅडमनी आम्हाला एकदा तरी तसं म्हणावं." मी त्यांचे अर्ज फायलीत लावायचे आणि हसायचे. हसत होते, हे लिहून ठेवते.

आता दुसऱ्या भागात म्हातारी मॅडम तोच कोट हातावर टाकून त्या पोरीच्या दारात जाते आणि माफी मागते. मी दिग्दर्शकाला विचारलं की हा बदल कशासाठी. तो चांगला शिकलासवरलेला, आवाज मऊ. म्हणाला, "ताई, काळ बदललाय. आता कठोर बॉस लोकांना चालत नाही. लोकांना जखम दिसायला हवी."

"कुणाची?"

"बॉसची," तो म्हणाला. "ती अशी का झाली, ते कळायला हवं ना."

मला एकदम चहा नकोसा झाला. कप तिथेच ठेवून मी बाहेर जाऊन उभी राहिले.

ताई


११ फेब्रुवारी

बारके,

आज जे बघितलं त्याची अजून शिसारी जात नाही, म्हणून जेवणाच्या सुट्टीतच लिहायला बसले.

सिनेमातली नटी सकाळी वर्करूममध्ये आली होती. पहिल्या भागाच्या वेळी ती महिनाभर मॅडमच्या मागे मागे फिरून कठोर कसं व्हायचं ते शिकली होती. आज उलटं झालं. मॅडम तिच्याकडून मऊ कसं व्हायचं ते शिकत होत्या. कारण पहिल्या खेळानंतर स्टेजवर खऱ्या मॅडम खऱ्या मुलीची, म्हणजे तुझी, माफी मागणार आहेत. ट्रायलरूमच्या तिन्ही आरशांसमोर त्या उभ्या होत्या आणि म्हणत होत्या, "मी तुझ्यावर अन्याय केला. मला माफ कर." नटी म्हणाली, "माफच्या आधी थांबा थोडं." मॅडम थांबल्या. "आता खाली बघा." बघितलं. "छान! आता रुमाल." मॅडमनी विचारलं, "रुमाल कोणत्या हातात?" मी टाचण्यांची डबी घेऊन कोपऱ्यात उभी होते. बावीस वेळा ऐकलं. शेवटी शेवटी त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी यायला लागलं, आणि ते आल्याबरोबर त्यांनी आधी आरशात बघितलं, ते कसं दिसतं ते. करून करून भागली नि देवपूजेला लागली, दुसरं काय.

त्यात मीही धुतल्या तांदळासारखी नाही. सिनेमाच्या प्रसिद्धीवाल्यानं गेल्या आठवड्यात मला खुर्चीत बसवून माझी मुलाखत रेकॉर्ड केली. मी काय बोलले? "मॅडम कडक होत्या, पण त्यांनीच आम्हाला घडवलं." उंदराला मांजर साक्ष. बोलताना माझा आवाज इतका गोड निघाला की माझी मलाच किळस आली.

एक गोष्ट मात्र मी त्यांना सांगितलेली नाही. सिनेमात ती पोर स्वतःचं काम स्वतः उसवते. आपल्याकडे तसं नव्हतं. ज्याची चूक त्यानं उसवायचं नाही, हा मॅडमचा नियम होता. जिच्याबरोबर तू डबा खातेस, तिनं उसवायचं. मॅडम दुपारच्या जेवणाच्या वेळी दारात येऊन कोण कुणाशेजारी बसलंय ते बघून जायच्या, आठवतं? आम्हाला वाटायचं, किती लक्ष आहे बाईंचं आपल्याकडे. नंतर नंतर मुली एकेकट्या बसून जेवायला लागल्या, भिंतीकडे तोंड करून. आता कुणी नवीन आलं की विचारतं, इथे सगळे वेगवेगळे का जेवतात? आम्ही सांगतो, सवय.

तू मात्र शेवटपर्यंत माझ्याबरोबर जेवलीस. डबाच एक होता आपला.

नियम बंद झाला असं मी तुला वर लिहिलं असतं, पण खोटं ठरेल. गेल्या महिन्यात मीच एका मुलीची बाही तिच्या मैत्रिणीकडून उसवून घेतली. पेटीत माझ्या नावाची तक्रार पडली. मला राग आला, की एवढ्यातेवढ्यावरून आजकालच्या मुली रडतात. मग श्वास शिकवणाऱ्या बाईनं मला दहा मिनिटं डोळे मिटून बसवलं आणि प्रकरण मिटलं.

तुझ्या गावाला शाळेचे गणवेश शिवतेस असं मामाकडून कळलं. मी मामाला म्हटलं होतं, इतका चांगला हात आणि गणवेश! त्यानं विषय बदलला.

ताई


५ मार्च

बारके,

तुझं पत्र आलं. चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की घडी फाटायला आली. "सिनेमाचं मला काही नाही. तू बोलावलंस म्हणून येते. १६ ला संध्याकाळी सहाच्या गाडीनं पोचेन. माप तेच आहे."

माप तेच आहे, हे वाचून मी हसले आणि मग स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. लगेच निळं सुती कापड काढलं. तुला गळ्याला काही टोचलेलं आवडत नाही, म्हणून कॉलर नाही लावली.

मग मी मूर्खासारखी मॅडमना सांगायला गेले.

त्या डमीवर टाचण्या लावत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, ती येतेय." त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. म्हणाल्या, "छान. तुझी चूक तिनं निस्तरली, आता माझीही निस्तरेल."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"लव उलटी कापली जाते. शिवताना उलटी होत नाही. मी काय काल या धंद्यात आले?"

"तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"खोलीतल्या चाळीसही जणींना माहीत होतं. शिवणाऱ्या पन्नास मिळतात, मखमल कापणारी एक. कुणाला ठेवायचं ते मी ठरवलं." आणि मग टाचणी दातात धरूनच म्हणाल्या, "तू ठरवलंस तसंच."

एवढं बोलून त्यांनी मला खांद्याची उंची धरायला सांगितली. मी धरली. वीस मिनिटं धरून उभी होते.

एकोणीस वर्षं मी समजत होते की हे माझ्या एकटीच्या पोटात आहे. चाळीस जणींना ठाऊक होतं. त्या रोज सकाळी मला "मास्तरीण" म्हणत होत्या, माझ्याकडून मापं तपासून घेत होत्या, माझ्या वाढदिवसाला केक आणत होत्या. मला त्या खोलीचा, त्या कात्र्यांचा, माझ्या स्वतःच्या हातांचा वीट आला. आज दुपारी डबा उघडला आणि तसाच मिटला.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तुला मी का बोलावलं ते लिहिते. मॅडम या वर्षी काम सोडतायत. वर्करूम कुणाच्या हाती द्यायची ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही. डिसेंबरच्या अगदी शेवटी मला बोलावून म्हणाल्या, "तुझ्या बहिणीला स्टेजवर आण, मग आपण बोलू." पहिलं पत्र मी त्याच आठवड्यात लिहिलं. म्हणजे तू "तू बोलावलंस म्हणून येते" लिहिलंस, आणि मी तुला असं बोलावलं होतं. आवळा देऊन कोहळा.

पण हे सगळं नाही. उरलेलं लिहायला आज हात उचलत नाही.

ताई


११ मार्च

बारके,

हे पत्र कुरियरनं पाठवतेय, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल. ते पूर्ण वाच आणि मगच काय ते ठरव.

आधी मला वाटलं होतं, खरं काय ते सगळ्या जगासमोर सांगून टाकावं. काल मी प्रसिद्धीवाल्याकडे गेले. म्हटलं, माझी मुलाखत पुन्हा घ्या, तो तुकडा मी उलटा कापला होता आणि नाव बहिणीचं झालं. त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. खुर्चीतून उठला. "ताई, हे तर आणखी भारी आहे! म्हणजे दोन माफ्या! आधी मॅडम, मग तुम्ही, आणि मध्ये तुमची बहीण. लोक ढसाढसा रडतील." तिथल्या तिथे त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि विचारलं की स्टेजवर तिघी उभ्या राहतील एवढा दिवा आहे का.

खोटं सांगितलं तर यांना चालतं, खरं सांगितलं तर जास्त चालतं. तेव्हा लोकांनी मॅडमच्या कठोरपणाला टाळ्या दिल्या, आता पश्चात्तापाला देतील, आणि दोन्ही वेळा तू मध्ये उभी. तुला कुणी विचारलंय का, की बाई, तुला यातलं काही हवंय का? मीही नाही विचारलं. म्हणून आता त्यांना काही सांगत नाही. तुला सांगते. तुला माहीत असलेलंच सांगते, पण एकदा माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असू दे.

त्या सकाळी माझा दात दुखत होता आणि कापड कमी पडत होतं. चारेक बोटं वाचवायची म्हणून मी पाठीचा तुकडा फिरवून ठेवला आणि कापला. चुकून नाही. मला वाटलं, एवढं कोण बघतंय. तू तुकडे उचललेस, शिवायला बसलीस, आणि पहिला टाका घालायच्या आधी थांबलीस. तळहात वरून खाली फिरवलास. मग माझ्याजवळ आलीस आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, "ताई, ही लव उलटी आहे. हात फिरवून बघ."

मी हात फिरवून बघितला नाही. मी म्हटलं, "माझ्या कापण्यात नाक खुपसू नकोस. शिव मुकाट्यानं."

मॅडम तेव्हा इमारतीतही नव्हत्या, बारके. तिथे कुणी बोट उचललेलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. आणि तू परत गेलीस आणि शिवलंस, अकरा दिवस, कारण सांगायला गेली असतीस तर मी अडकले असते.

मग मॅडमनी विचारलं, "कुणाचं काम?" मी कात्री पुसत होते. तू माझ्याकडे बघितलंस. नुसतं बघितलंस, काही मागितलं नाहीस. मी पुसतच राहिले. तू म्हणालीस, "माझं." मॅडमनी नियमाप्रमाणे मला सांगितलं, उसव.

मखमल एकट्यानं उसवता येत नाही. एकानं ताणून धरावी लागते, नाहीतर पातं कापडात जातं. तू समोर बसलीस आणि दोन्ही हातांनी कापड धरलंस, घट्ट, मला नीट उसवता यावं म्हणून. तुझेच टाके. एकदा पातं निसटून तुझ्या अंगठ्याला लागलं, तर तू अंगठा बाजूला केलास, का, तर कापडाला डाग पडेल. सगळं झाल्यावर तू खाली बसून धाग्यांचे तुकडे गोळा केलेस, केराच्या डब्यात टाकलेस आणि निघालीस. मी खिडकीतून तुला रस्ता ओलांडताना बघितलं. खाली आले नाही. पुढच्या सोमवारी कापायचं मोठं टेबल मला मिळालं.

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की मॅडमनी माझ्या बहिणीला घालवलं. सांगताना मला कढ यायचे. त्या कढांचा मला आता जेवढा तिटकारा येतो तेवढा मॅडमचाही येत नाही. मॅडम निदान कठोर म्हणून ओळखल्या जात होत्या. मला सगळे मऊ म्हणायचे.

माफी हा शब्द मी लिहीत नाही. तो या लोकांनी हाताळून हाताळून चिकट करून ठेवलाय.

आज सकाळी मॅडमना सांगितलं की बहीण स्टेजवर येणार नाही आणि वर्करूम मला नको. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "नको, का मिळणार नाही म्हणून नको?" म्हणाल्या. मी म्हटलं, "दोन्ही." त्यांनी बोट उचललं. मी माझी कात्री आणि बोटातलं अंगुस्तान पिशवीत घालून निघाले. जिन्यात थांबून राहिले, कुणी हाक मारेल म्हणून. कुणी मारली नाही, आणि का मारावी?

आता नीट ऐक. गाडीतून उतरलीस की एक तरुण माणूस फुलांचा गुच्छ आणि तुझ्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. त्याच्याबरोबर जाऊ नकोस. बाहेर त्याची गाडी आहे आणि गाडीत कॅमेरा आहे. त्याच्या अलीकडे, पाण्याच्या नळाजवळ मी असेन. परतीची गाडी सव्वाआठला आहे, तिचं तिकीट मी काढून ठेवलंय. माझं तोंड बघायचं नसेल तर हात पुढे कर, मी तिकीट देईन आणि बाजूला होईन.

आणि बोलायचं असेल तर बोल. घरी जाऊन नको, हळू आवाजात नको. फलाटावर त्या वेळी तोबा गर्दी असते, असू दे, सगळ्यांसमोर बोल. मी कात्री पुसत बसणार नाही. कुणी थांबून विचारलं, काय झालं, कुणाचं काय चुकलं, तर उत्तर तू देऊ नकोस. ते मी देईन.

ताई